अश्विनीचा हात, प्रसेनजितचा पेपर

सोनाळा, ता. संग्रामपूर
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय जयमाला मावशी,

नमस्कार. पाकीट पाहून तू आधी घाबरली असशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, घरी सगळे बरे आहेत. आईचे फोन तुला येतातच, तेव्हा बातम्यांसाठी हे पत्र नाही. हे माझ्या हाताच्या व्यायामासाठी आहे.

झालं असं, की आमच्या कॉलेजात बारावीला प्रसेनजित नावाचा मुलगा आहे. सहा वर्षांचा असताना तापात त्याची दृष्टी गेली. दहावीपर्यंत तो बाहेरगावी अंध विद्यालयात होता, आता गावी राहून शिकतो. त्याची आई, सुवर्णाताई, अंगणवाडीत मदतनीस आहे. बारावीची सगळी पुस्तकं त्याला ब्रेलमध्ये मिळाली नाहीत, म्हणून माझ्या वर्गातल्या हर्षलने जुलैत एक गट काढला. आम्ही अकरावीचे नऊ जण दर रविवारी बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात बसून त्याची पुस्तकं मोठ्याने वाचतो आणि फोनवर रेकॉर्ड करून त्याला देतो. आम्हाला हे कोणी सांगितलेलं नाही आणि याचे मार्कही कोणी देत नाही. अर्थशास्त्राच्या चौथ्या धड्यात मध्येच एक बकरी ओरडते. प्रसेनजितला तो धडा बकरीसकट पाठ आहे.

आता फेब्रुवारीत त्याची बोर्डाची परीक्षा. त्याने तोंडाने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. लिहिणाऱ्याला लेखनिक म्हणतात. तो खालच्या वर्गातला लागतो, म्हणजे आमच्यातलाच कोणी. मराठीच्या सरांनी सगळ्यांकडून एकेक पान लिहून घेतलं आणि माझं अक्षर निवडलं. मला थोडा ताठा चढला आहे, हे तू ओळखलंच असशील. पण मोबाइलच्या सवयीमुळे दोन पानं लिहिली की माझी बोटं आखडतात, आणि त्याला जादा वेळ मिळत असल्यामुळे चार-चार तास लिहायचं आहे. म्हणून ठरवलं, तुला पत्रं लिहायची.

मावशी, मला त्याच्याविषयी फार प्रश्न पडतात. मी बोलायच्या आत त्याला कसं कळतं, की मी आले? तर म्हणे, माझी डावी चप्पल घासते. मी घरी येऊन पाहिली, खरंच घासलेली आहे. परवा धीर करून विचारलं, की तुला स्वप्नात काय दिसतं. तो म्हणाला, "मले सपनात वास येते. तुले येते का?" मी दोन दिवस सकाळी उठल्या उठल्या आठवून पाहते आहे. येतो की नाही, मला सांगता येत नाही. तुला येतो का?

तू एकतीस वर्षं शिकवलंस. लेखनिकाने काय काय लक्षात ठेवावं, ते कळव.

तुझी,
अश्विनी

नाशिक
६ नोव्हेंबर २०२४

चि. अश्विनी,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं आणि मी ते सुनेला दाखवून आले, की अजून कोणी मला पोस्टाने लिहितं. अक्षर चांगलं आहे, पण तिसऱ्या पानावर ओळी वर चढायला लागल्या. तिथे तुझा हात थकला. पत्रं चालू ठेव.

स्वप्नात वास येतो का, ते काही मला सांगता येईना. मग दोन दिवस मीही पहाटे तोच विचार करत पडून राहिले. चुलीवरच्या वांग्याच्या भरताचा एकदा आला असं वाटतं, पण शेजारच्या घरातला खराही असेल. त्या मुलाला सांग, नाशिकची एक म्हातारी तू कामाला लावलीस.

आता लेखनिकाचं. दोन पेनं सारख्या शाईची ठेव. नखं काप. पाणी स्वतःचं ने. आणि महत्त्वाचं, पेपर स्वच्छ आणि शुद्ध दिसला पाहिजे. मी वर्षानुवर्षं पेपर तपासले आहेत. पहिल्या पानावर तपासणाऱ्याचं मन प्रसन्न झालं, की पुढचं सोपं जातं. तुझी भाषा चांगली आहे, तिचा त्या मुलाला फायदा होऊ दे. पुण्याचं काम आहे.

तो कसा अभ्यास करतो, चिडतो का, हसतो का, सगळं लिही. मला पण उत्सुकता लागली आहे.

तुझी,
जयमाला मावशी

सोनाळा
१५ डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला. कापूस वेचायला माणसं मिळत नव्हती, म्हणून आम्ही घरचे सगळे शेतात होतो.

सराव परीक्षा झाली. प्रसेनजितला आता लेखनिक म्हणून मी नको आहे. कारण त्याला माहीत. मी रविवारी जाणंही सोडलं आहे. बोर्डाकडे कागद माझ्या नावाचा गेला आहे. दुसऱ्या कोणाचं नाव द्यायचं तर पुन्हा सगळी परवानगी, आणि ती वेळेत येईल असं सर म्हणत नाहीत. मग तो फेब्रुवारीत काय करणार, कोण जाणे.

म्हणजे हाताचा व्यायाम आता लागणार नाही. तू विचारलं होतंस म्हणून कळवलं.

अश्विनी

नाशिक
२२ डिसेंबर २०२४

चि. अश्विनी,

इतकं आखूड पत्र मला आजवर फक्त वीज मंडळाने पाठवलं आहे.

मी दोन दिवस तर्क केले. पहिला तर्क असा, की तुझ्या आईने तुला जाऊ नको म्हटलं असेल. आपल्या घरची मुलगी दर रविवारी बौद्धवाड्यात जाते, यावर कोणीतरी तिचे कान फुंकले असतील आणि तू तिच्यावर पांघरूण घालत असशील. तसं असेल तर स्पष्ट लिही, मी तिच्याशी बोलते. दुसरा तर्क, त्या मुलाशी तुझं काही नाजूक बिनसलं असेल. तसं असेल तर त्याहून स्पष्ट लिही, मी कोणाशीच बोलत नाही.

"कारण त्याला माहीत" हे मला पटलेलं नाही. ऑक्टोबरात ज्या मुलीला त्याच्या स्वप्नापर्यंतचे प्रश्न पडत होते, तिला हा एक प्रश्न पडत नाही, असं होत नाही. तुला कारण माहीत आहे.

वर्ष त्याचं जाणार आहे, एवढं लक्षात ठेवून लिही.

मावशी

सोनाळा
३० डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,

तुझे दोन्ही तर्क चुकले. आई उलट रोज विचारते, की आता का जात नाहीस. सुवर्णाताई तिला भेटली होती. ती नुसती "पोरगी दिसली नाही" म्हणाली, असं आई सांगत होती.

कारण सांगते. सराव परीक्षेत सरांनी मराठीला 'माझा जिल्हा' हा निबंध दिला होता. प्रसेनजितने सांगितलं, की लोणारचं सरोवर ज्वालामुखीमुळे तयार झालं. मावशी, बुलढाणा जिल्ह्यातल्या पोराने असं लिहायचं म्हणजे काय! आम्ही सहावीत सहलीला गेलो होतो, तेव्हापासून मला ठाऊक आहे, की तिथे उल्का पडली. त्याने अंध विद्यालयात कुठल्यातरी फार जुन्या ब्रेल पुस्तकात ज्वालामुखी वाचला होता आणि तोच डोक्यात बसला. मी उल्का लिहिलं. परीक्षेत मध्ये बोलता येत नाही, नाहीतर सांगितलं असतं. नंतर सांगायचं राहून गेलं.

पेपर वाटले त्या दिवशी सरांनी बारावीच्या वर्गात त्याचा निबंध सगळ्यांना वाचून दाखवला, उत्तम म्हणून. हर्षलचा भाऊ त्या वर्गात आहे, त्याने सांगितलं. प्रसेनजित मध्येच उभा राहिला आणि म्हणाला, "सर, हे माहं नाही." सरांना वाटलं, विनय आहे.

कॉलेज सुटल्यावर तो फाटकाशी थांबला होता. मी आले तसा म्हणाला, "मले माही चूक सांगायची होती, मिटवायची नोयती. तू मिटवली. मी बोर्डात पुन्हा तेच सांगतलं असतं." आणि काठी टेकत निघून गेला.

मी वाईट काय केलं, ते तूच सांग. बरोबर तेच लिहिलं ना?

अश्विनी

नाशिक
६ जानेवारी २०२५

चि. अश्विनी,

उल्का बरोबर आहे. याबाबत लोणारचं आणि माझं एकमत आहे.

नंतर त्याला सांगायला हवं होतं, हा तुझा दोष. पण पोरी, एका शब्दासाठी कोणी स्वतःचं वर्ष पणाला लावत नाही. लावलं तर तो मूर्ख असला पाहिजे, आणि तुझ्या पत्रांतला मुलगा मला मूर्ख वाटत नाही. शिवाय सरांनी वाचून दाखवला तो निबंध 'उत्तम' होता. नुसत्या एका बरोबर शब्दाने निबंध उत्तम होत नाही. त्यात आणखी काय काय होतं? आणि त्यातलं त्याचं किती होतं?

ही उलटतपासणी आहे असं समज. मास्तरीण होते, सवय जात नाही. राहिलेलं लिही.

मावशी

सोनाळा
१३ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

राहिलेलं लिहिते. हे पत्र तीन वेळा फाडलं आहे.

मी बदललेली उल्का ही एकच गोष्ट नव्हती. तू शुद्ध लिही म्हणाली होतीस. मी तुला दोष देत नाही, मलाही तेच पाहिजे होतं. तो सांगत होता आणि मला ते फार साधं वाटत होतं. म्हणून मी वाक्यं सजवत गेले. लोणारच्या भागात मी असं लिहिलं: 'लोणारचे हिरवेगार पाणी पाहताच डोळ्यांचे पारणे फिटते.'

सरांनी ते रंगवून वाचलं. मग कोणीतरी खुदकन हसलं. मग सरांच्याच लक्षात आलं, की हे वाक्य कोणाच्या निबंधात आहे, आणि ते थांबले. तेव्हा तो उभा राहिला होता. ज्वालामुखीमुळे नाही.

मी हे तुझ्यापासून लपवलं, कारण उल्केचं सांगितलं की माझी बाजू बरोबर दिसते.

मावशी, ते वाक्य लिहिताना मला एकदाही वाटलं नाही, की मी काही चुकीचं करते आहे. मला वाटलं, मी त्याला डोळे दिले. खरंच, हेच शब्द मनात आले होते, आणि त्या दिवशी घरी येताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. आता त्याची इतकी लाज वाटते, की समाजमंदिराच्या रस्त्याने जाववत नाही.

त्याने प्रत्यक्षात काय सांगितलं होतं, ते मला पाठ आहे. इतक्या दिवसांत विसरता आलं नाही. तो म्हणाला होता: "लोणारच्या काठावर वारा असते. खाली उतरत गेलं का वारा थांबते, पाखरं जवळ येतात, अन् पाण्याचा खारा वास घशाले लागते. तवा समजते, का हा खड्डा केवढा आहे."

मी दोनदा लोणारला गेले आहे. वारा थांबतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आता काय करू?

अश्विनी

नाशिक
१९ जानेवारी २०२५

चि. अश्विनी,

त्याचं वाक्य मी सुनेला वाचून दाखवलं, शेजारणीला दाखवलं, आणि दुधवाल्याला उभं करून ऐकवलं. मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते, आणि ज्वालामुखीचा एक मार्क कापला असता.

'शुद्ध दिसलं पाहिजे' हे तुला मी सांगितलं. तेवढा दोष माझ्या नावावर लिही. पण माझ्या नावावर त्याहून जुनं एक आहे, आणि ते आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही.

मी घाटाखालच्या एका शाळेत असताना माझ्या वर्गात कोकिळा नावाची मुलगी होती. तिला फार अंधुक दिसायचं. मी तिला पुढच्या बाकावर बसवायची, तिच्या डब्याची चौकशी करायची, स्नेहसंमेलनात हार घालायला तिला पुढे करायची. तिला प्रश्न मात्र कधी विचारला नाही. चुकली तर बिचारीला वाईट वाटेल, म्हणून. तीन वर्षं तिला न तपासता पास केलं. सगळी शाळा म्हणायची, बाईंचा जीव फार आहे तिच्यावर.

बऱ्याच वर्षांनी चिखलीच्या बस स्टँडवर तिने मला आवाजावरून ओळखलं. पाया पडली. मग म्हणाली, "बाई, तुम्ही मले एकदा तरी नापास करायले पाहिजे होतं. मले काय येते अन् काय येत नाही, हे मले कोणीच सांगतलं नाही." ती रागावली नव्हती. माझी बस लागली आणि मी चढले. खिडकीतून तिला हात केला आणि मग लक्षात आलं, की तिला तो दिसणार नाही.

तुझी चूक वेळेत लक्षात आली आहे. आधी सरांकडे जा आणि सांग, की तो निबंध त्याचा नाही. मार्क कापू देत. मग त्याच्याकडे जा. त्याच्यापुढे रडू नकोस. तू रडलीस तर समजूत त्याला घालावी लागेल, आणि ते काम त्याचं नाही. त्याला विचार, की त्याला लेखनिक कसा पाहिजे. हा प्रश्न तुझ्यासकट आपल्यापैकी कोणीच त्याला विचारलेला नाही.

मावशी

सोनाळा
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

मंगळवारपासून बोर्ड आहे आणि मी जाते आहे. ही बातमी आधी.

सर फार रागावले. बोर्डात लेखनिकाने असं केलं आणि पकडलं गेलं, तर पेपर रद्द होतो, हे माहीत आहे का, म्हणाले. मला माहीत नव्हतं. म्हणजे मी त्याला पाच मार्कांसाठी अख्ख्या वर्षाला मुकवलं असतं. निबंधाचे सगळे मार्क त्यांनी कापले, आणि मलाच प्रसेनजितला सांगायला पाठवलं.

सुवर्णाताईने दार उघडलं, आत ये म्हणाली आणि चहा टाकला. प्रसेनजित खाटेवर बसला होता. मी सांगितलं, की मार्क गेले. तो हो म्हणाला. मग मी तुझा प्रश्न विचारला, लेखनिक कसा पाहिजे. चहा आला, पिऊन झाला. मग म्हणाला, "कागद काढ. मी सांगतो ते लिव. हर्षल वाचून दाखवीन."

तेव्हापासून रोज संध्याकाळी माझी परीक्षा होते आहे. तो मुद्दाम चुकीचं सांगतो आणि मला तसंच्या तसं लिहावं लागतं. सूर्य पश्चिमेला उगवतो. संग्रामपूर ही देशाची राजधानी आहे. अश्विनी रेकॉर्डिंगमध्ये बकरीपेक्षा जास्त ओरडते. हे शेवटचं लिहिताना हर्षल हसून लोळला आणि मी दातओठ खात लिहिलं. पहिल्या दिवशी हर्षलने वाचून दाखवलं तेव्हा माझ्या अकरा सुधारणा सापडल्या. मला त्या केलेल्या आठवतही नव्हत्या, मावशी. हात आपोआप करतो. दुसऱ्या दिवशी चार निघाल्या. काल एकही नाही.

मी विचारलं, की बोर्डात तुझी बोली आली तर? तो म्हणाला, पेपरात तो पुस्तकातलंच बोलेल, ती काळजी माझी नाही. मग चूक आली तर? "लिवताना लिव. नंतर सांगजो. सांगायचं मात्र चुकू नको," हा त्याचा नियम आहे.

लोणारची उल्का मी त्याला समजावून सांगितली. त्याने इतके प्रश्न विचारले, की मला ग्रंथालयातून पुस्तक आणावं लागलं. उल्का केवढी होती, आवाज किती झाला असेल, ऐकायला कोणी होतं का. तुला काही माहीत असेल तर कळव.

अश्विनी

सोनाळा
२० मार्च २०२५

प्रिय मावशी,

सगळे पेपर झाले. केंद्र तालुक्याला होतं. आम्हाला तळमजल्यावर वेगळी खोली दिली होती, मी, तो आणि एक पर्यवेक्षक बाई. काळीपिवळी जीपने जायचं आणि यायचं. येताना मी बोटं चोळत बसायची आणि तो पुढच्या पेपरचं रेकॉर्डिंग ऐकायचा.

मी सगळं त्याने सांगितलं तसं लिहिलं. पण अर्थशास्त्राच्या पेपरात एक गोष्ट झाली आणि ती माझ्या मनातून जात नाही. एका मार्काचा प्रश्न होता, मिठाची मागणी लवचिक की अलवचिक. मीठ महाग झालं म्हणून कोणी अळणी खात नाही, तेव्हा अलवचिक. हे मला समोर स्वच्छ दिसत होतं. आणि तो धडा त्याला वाचून दाखवणारी मीच होते. प्रसेनजित म्हणाला, "लवचिक."

मी लवचिक लिहिलं. मावशी, आयुष्यात इतका जड शब्द मी लिहिला नसेल. त्याने विचारलं, लिहिलं का? मी हो म्हटलं आणि पुढचा प्रश्न वाचला.

पेपर चालू होते तोवर त्याचं मन बिघडू नये म्हणून सांगितलं नाही. आता सांगायला हवं, पण धीर होत नाही. एकच मार्क आहे, आणि आता त्याचा उपयोग काय, असंही वाटतं. राहू देऊ का?

अश्विनी

नाशिक
२७ मार्च २०२५

चि. अश्विनी,

नियम त्याने घातला आणि तू मान्य केलास. सोयीपुरता पाळायचा असेल, तर तो नियम कसला? सांग. आजच सांग.

हे लिहिताना तुझी बोटं या म्हातारीला दाबून द्यावीशी वाटत आहेत, एवढंही लिहून ठेवते. तू फार मोठं काम केलंस.

मावशी

सोनाळा
११ मे २०२५

आदरणीय जयमाला मावशी,

सप्रेम जयभीम. मी प्रसेनजित. अक्षर अश्विनीचं आहे, पण पत्र माहं आहे. मी बोलून राह्यलो अन् ती लिवून राह्यली. मी इथं पुस्तकातलं बोलत नाही, घरच्यावानी बोलतो, अन् तिनं तसंच लिवावं असं आधीच ठरलं आहे. हर्षल बाजूले बसला आहे, तो नंतर वाचून पाहीन.

तुमची सगळी पत्रं तिनं मले वाचून दाखवली. कोकिळाबाईचंबी. तुम्ही ते सांगतलं म्हणून मी तुमाले लिवून राह्यलो. त्या पुन्हा कधी भेटल्या तं त्याईले माहा नमस्कार सांगा.

निकाल लागला. मले सहाशेपैकी तीनशे एकोणसाठ मार्क पडले. तीनशे साठले फर्स्ट क्लास होते. एका मार्कानं गेला. गावात जो येते तो म्हणते, पेपर पुन्हा तपासायले टाक, एक मार्क कोठी ना कोठी भेटतेच. माय तं फॉर्मची चौकशी करून आली. मी नाही म्हटलं. तो मार्क कोठी गेला हे मले माहीत आहे.

मार्चमधी अश्विनीनं घरी येऊन सांगतलं, का मिठाचं उत्तर चुकलं. मी फक्त 'हाव' म्हटलं. तिले वाटलं, मले राग आला. बाकीचं मी तिले सांगतलं नोयतं. आज तुमाले सांगतो, म्हंजे तिले लिवाच लागीन.

मावशी, कागदावर पेन चालते त्याचा आवाज येते. तुमाले येत नसीन, मले येते. अश्विनीचा पेन एका चालीनं चालते, थांबत नाही. बारा दिवस आम्ही खोटंनाटं लिवलं, तवा पहिल्या दिवशी तो जागोजागी अडखळत होता, शेवटी अडखळणं बंद झालं. बोर्डात पाच पेपर तो एकदाही थांबला नाही. अर्थशास्त्रात मी 'लवचिक' म्हटलं, अन् पेन थांबला. लय नाही, दोन श्वास. तिले वाटते, तिनं काहीच सांगतलं नाही. पण तेवढ्यानंच मले समजलं, का माहं चुकलं.

उत्तर दोनच होते. एक चूक म्हंजे दुसरं बरोबर. मी 'खोड, अलवचिक लिव' म्हटलं असतं तं बाईनं काही म्हटलं नसतं. तसा हक्क आहे. माह्या तोंडात शब्द आला होता.

मी तो म्हटला नाही. तो तिचा झाला असता. मी विचारलं, 'लिवलं का?' ती 'हो' म्हणाली. मंग मी पुढचा प्रश्न वाच म्हटलं.

मले मार्काचं वाईट वाटते. खोटं काऊन सांगू, लय वाटते. निकालाच्या दिवशी मी जेवलो नाही. पण तीनशे एकोणसाठ माहे आहेत. यातला एकबी कोणी दयेनं देल्ला नाही, अन् तो जो गेला तोबी माहाच गेला. असं याच्याआधी माह्याबाबतीत कधी झालं नोयतं.

आता कामाचं. यंदा अकरावीत जाणारे सात जण रविवारी यायले लागले. खालच्या वर्गात दोन पोरं अंध आहेत, त्याईले पुढं लेखनिक लागतीन. त्या सात जणाईची परीक्षा मी घेऊन राह्यलो. काल एका पोरीनं माह्या वाक्यात 'सुंदर' हा शब्द घातला, मी सांगतला नोयता. तिले अश्विनीपाशी बसवलं आहे.

एक आणखी आहे. अश्विनी पहिल्या दिवशी घरी आली अन् 'लेखनिक कसा पाहिजे' म्हणून विचारलं, तवा मी गप्प बसलो होतो. मले उत्तर माहीत नोयतं. आता माहीत आहे. मले असा लेखनिक पाहिजे होता, ज्याले माही चूक समजते, वाईट वाटते, अन् तरी तो माहा शब्द लिवते. मले तो भेटला.

हे लिवताना तिचा पेन थांबला आहे. दोन श्वासापेक्षा जास्त झालं. मी वाट पाहून राह्यलो.

आता चालला.

तुमचा,
प्रसेनजित

लेखनिक : अश्विनी